दीडशे एमबीत दहा बोटं

उजमाच्या दुकानात पुस्तकाचं वजन दोन हजार शंभर एमबी भरलं आणि बन्सी नरवडे सरांना चोरी पकडल्यासारखं झालं.

“सर, ही किताब आहे का लग्नाचा व्हिडिओ?” पडद्यावरची नजर न काढता उजमा म्हणाली. “दीडशेत बसवायचं म्हणता. हे म्हणजे म्हशीला रिक्षात घालायचं काम झालं.”

“होणार नाही का?” सरांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात प्रश्नापेक्षा माफीच जास्त असायची.

“न व्हायला काय झालं? होतंय. पण कुछ तो काटना पडेगा ना.”

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात उजमाचं दुकान. आधी ती लग्नपत्रिका आणि कॉलेजच्या पोरांचे प्रबंध टाइप करून द्यायची, आता पुस्तकांच्या डिजिटल आवृत्त्या करायची. चाळिशीची बाई, तोंडाने फटकळ आणि कामाला चोख. सरांना तिची थोडी भीतीच वाटायची. तशी त्यांना बहुतेकांची वाटायची.

छापील पुस्तक असतं तर सर असे अवघडले नसते. त्यांचं अर्धं आयुष्य पुस्तकांच्या आडोशाला गेलं होतं. पण हे पुस्तक वाचायचं नव्हतं, पाहायचं होतं. त्यात बारा गोष्टी होत्या, आणि त्या बाराही विशाखा नावाच्या एका बाईने खुणांच्या भाषेत, म्हणजे हातांनी सांगितल्या होत्या. विशाखाला जन्मापासून ऐकू येत नाही. गोष्टीही तिनेच रचलेल्या. प्रत्येक गोष्टीला एक चित्र, खाली चार सोप्या ओळी आणि मध्ये तीन मिनिटांचा व्हिडिओ.

कन्नड तालुक्यापासून लासूर स्टेशनपर्यंतच्या त्रेचाळीस कर्णबधिर मुलांना एक संस्था टॅब वाटणार होती. टॅब कुणीतरी वापरून दिलेले, जुने. त्यांच्यात जागा थोडी. म्हणून संस्थेने नियम केला होता की एक पुस्तक दीडशे एमबीच्या वर जाता कामा नये. एक एमबी जास्त झाला तरी परत. मुदत महिनाअखेरची होती आणि महिना संपायला अकरा दिवस उरले होते.

“बघा सर,” उजमाने समजावून सांगितलं, “व्हिडिओ म्हणजे काय? फोटोच. एका सेकंदाला तीस. तिसाचे दहा केले की वजन उतरलं. मग फोटोचा आकार लहान करायचा. मग त्यातलं बारीकसारीक पुसायचं. डोळ्याला फारसं कळत नाही.”

“पण म्हैस कळेल ना?” पहिल्या गोष्टीतली म्हैस एसटीत बसून बाजाराला जात होती.

“थोडी लंगडेल. बाजाराला पोचेल पण.” उजमा हसली. “आणि आवाज? आवाज तुम्ही तीनशे वीसवर दिलाय, एकदम भारी क्वालिटीत. लग्नाच्या बँडला पण कोणी एवढा देत नाही. उतरवू?”

सरांचे कान गरम झाले. प्रत्येक व्हिडिओमागे त्यांचा स्वतःचा आवाज होता. विशाखाचे हात जे सांगत होते ते सर मराठीत बोलत होते. दुपारी पंखा बंद करून, अंगावर गोधडी ओढून त्यांनी तो मोबाइलवर घेतला होता. एकेक गोष्ट वीस-पंचवीस वेळा. जन्मात कधी ते चार माणसांपुढे धड बोलले नव्हते. नोकरी झाली तीही कर्णबधिर मुलांच्या शाळेत. तीस वर्षं घसा फोडून शिकवलं, पण तो आवाज वर्गात कुणाच्या कानी पडला नाही. गोधडीखाली मात्र त्यांना पहिल्यांदा वाटलं होतं, की आपल्याला गोष्ट सांगता येते.

“आवाज असू द्या,” ते खाली बघत म्हणाले. “स्वच्छ राहू दे. पालक ऐकतील, शिक्षक ऐकतील.”

“मालिक आप,” उजमा म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी पुस्तक तयार झालं. एकशे अठ्ठेचाळीस एमबी. उजमाने सरांच्या कानाला हेडफोन लावून पहिली गोष्ट सुरू केली. म्हैस एसटीत चढली, कंडक्टरने तिकीट मागितलं, म्हैस म्हणाली, ‘अर्धं द्या, मी उभी राहते.’ आपल्याच वाक्याला सरांना हसू आलं.

“नीट पाहिलं ना सर? नंतर मेरेकू बोलू नका.”

“पाहिलं,” सर म्हणाले. आणि आपण पाहिलं असंच त्यांना मनापासून वाटत होतं.

०००

विशाखा आठ वर्षांची असताना सरांच्या वर्गात आली होती, शाळेच्याच वसतिगृहात राहायला. त्या काळी त्या शाळेत खुणा करायला बंदी होती. सरांना प्रशिक्षणातच शिकवलं होतं, की हात मोकळे राहिले तर जीभ आळशी होते. मुलाने ओठ वाचावेत आणि तोंडाने बोलावं. ऐकणाऱ्या मुलांच्या शाळेत ‘हाताची घडी’ म्हटलं की मुलं पाच मिनिटं गप्प बसतात आणि पुन्हा गोंधळ सुरू करतात. या शाळेत हाताची घडी म्हणजे जीभच काढून घेणं, हे सरांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. त्यांनी कधी कुणाला मारलं नाही. विशाखाचे हात मात्र घडीत राहायचेच नाहीत, म्हणून ते तिला स्वतःच्या हातांवर बसवायचे. तळवे मांडीखाली, आणि मग, ‘आता बोल. आई म्हण.’ सहा महिन्यांनी ती ‘आई’सारखं काहीतरी म्हणाली, तेव्हा सरांनी वर्गात पेढे वाटले होते.

ते निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी त्यांना ती बसस्टँडवर दिसली. ती एका फलाटावर होती आणि तिचा नवरा संघपाल समोरच्या. तोही कर्णबधिर. मध्ये तीन गाड्यांचे हॉर्न वाजत होते, माणसं एकमेकांच्या नावाने ओरडत होती, आणि ही दोघं आरामात गप्पा मारत होती. विशाखाने असं काही सांगितलं, की संघपाल पोट धरून खाली बसला. सर पाऊण तास खांबाआड उभे राहिले. मुलांना तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला त्या गप्पांतलं एक अक्षर कळलं नाही.

मग त्यांनी साठीनंतर खुणा शिकायला घेतल्या. अजूनही हात अडखळायचे. विशाखाला चिठ्ठी लिहून विचारलं, तुझ्या गोष्टींचं मुलांसाठी पुस्तक करू का? तिने दोन महिने उत्तर दिलं नाही. आणि एक दिवस मोबाइलवर नुसता व्हिडिओच आला. मागे निळी चादर टांगलेली, पुढे ती, आणि तिचे हात म्हशीची शिंगं झालेले.

माफी मागायची राहूनच गेली होती. पुस्तक झालं की ती मागितल्यासारखी होईल, असं सरांच्या मनात कुठेतरी होतं. पुस्तक बिघडलं तर मात्र काहीच उरणार नव्हतं.

०००

रविवारी ते चाचणीसाठी मिळालेला टॅब घेऊन चितेगावला गेले. तिथल्या एका कारखान्यात विशाखा पॅकिंगला होती आणि संघपाल मशीनवर. दोन खोल्यांचं घर. विशाखाची आई गोजरबाई त्यांच्याजवळच राहायची.

“या गुरुजी, या. पायरी संभाळा, लई उंच हाय. आमच्या जावयानंच बांधली, त्याला वाटलं समदी त्याच्यावानीच उंच हायती.”

सतरंजीवर चौघं बसले. सरांनी टॅब मध्ये ठेवला आणि पहिली गोष्ट सुरू केली. 

गोजरबाईने पहिल्याच वाक्याला पदर तोंडाला लावला. म्हैस एसटीच्या पायरीवर अडली तेव्हा त्या खुदकन हसल्या. तिकिटाच्या जागी तर डोळ्यांतून पाणी काढून हसल्या. “अगं बया! अर्धं द्या म्हनती! गुरुजी, हे हिच्या डोक्यातलं हाय? व्हय? हिच्या?”

“हिच्याच,” सर म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं.

विशाखा हसली नाही. तिने टॅब उचलून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. गोष्ट मागे नेली, पुन्हा पाहिली. मग टॅब नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याला खुणेने काहीतरी विचारलं. ही गोष्ट संघपालने आधी पाहिलेली नव्हती. निळी चादर टांगून तो रात्रपाळीला निघून जायचा.

संघपालने भुवया आखडून तीन मिनिटं पाहिलं. मग सरांना कळावं म्हणून हळूहळू खुणा केल्या: जनावर आहे. गाडी आहे. एक माणूस जनावराला गवत देतो.

“गवत नाही,” सर हातांनी म्हणाले, “तिकीट. कंडक्टर तिकीट पंच करतो.”

संघपालने पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. तिकीट नाही. बोटंच नाहीत.

सरांनी टॅब घेतला आणि पडद्यावर बोट दाबून आवाज पार बंद केला. त्या पुस्तकाकडे ते असे प्रथमच पाहत होते. निळ्या चादरीपुढे विशाखा होती, तिच्या कोपरापुढे दोन गोळे हलत होते. एक गोळा वर होता, मग तो अचानक खाली होता. मधला प्रवास गायब. बोटं पंजात विरघळली होती आणि पंजे चादरीत. कंडक्टर, तिकीट, अर्धं, उभी राहते, यातलं काही नव्हतं. धुक्यात कुणीतरी घोंगडी झटकत होतं.

दुकानात हे आपल्याला दिसलं कसं नाही? उत्तर त्यांना लगेच मिळालं आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं. दुकानात त्यांनी पाहिलंच नव्हतं. गोष्ट त्यांना कानांनी कळत होती, म्हणून डोळ्यांनी भांडण काढलं नाही.

विशाखाने टॅब परत घेतला, आणि गोष्ट पुन्हा सुरू केली. सरांनी आवाज बंद केला होता; तिचं बोट लागून तो पुन्हा पूर्ण वाढला. ती दचकली. टॅबच्या पाठीवर तिने तळवा पसरून धरला.

“थरथरतंय,” ती हातांनी म्हणाली. “आत काय आहे?”

गोजरबाईने सरांच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि स्वतःचे ओठ हलवून दाखवले.

विशाखा सरांकडे वळली. “तुमचा आवाज? कोणासाठी?”

“पालकांसाठी. शिक्षकांसाठी.”

“किती जागा खातो?”

सरांच्या खिशात उजमाने दिलेला कागद होता. त्यांनी तो काढला. आकडे त्यावर पहिल्यापासून होते, फक्त त्यांनी ते या डोळ्यांनी वाचले नव्हते. चित्र, बासष्ट. आवाज, शहाऐंशी. बहिऱ्या मुलांच्या पुस्तकात अर्ध्याहून जास्त जागा त्यांच्या आवाजाने अडवली होती, आणि उरलेल्या जागेत विशाखाचे हात कोंबले होते.

त्यांना हातांनी आकडे सांगता येत होते. सांगवेना. त्यांनी कागदच पुढे केला.

विशाखाने तो वाचला. मग ती सावकाश, एखाद्या मंद मुलाला समजवावं तशी हातांनी बोलली. “शिक्षक ऐकतील. तुमच्यासारखे. ऐकून झाल्यावर माझ्याकडे कोण बघेल? मुलं विचारतील, हे काय? शिक्षक त्यांना म्हणतील, ओठ बघा.” तिने क्षणभर हात थांबवले. “हात खाली.”

एवढंच. मांडीखाली तळवे घालून तिने दाखवलं नाही. सरांना ते दिसायचं तसं दिसलंच.

“पुस्तकावरून माझं नाव काढा,” ती म्हणाली, आणि आत जाऊन बादलीत कपडे आपटू लागली. किती जोरात आपटते आहे ते तिला ऐकू येत नव्हतं, किंवा कुणास ठाऊक, येत असेल.

गोजरबाई चहा घेऊन आल्या. “रागीट हाय, गुरुजी. बापावर गेली. पर तुमचं लई झ्याक झालंय बघा. मला तर समदं कळलं.”

सरांनी चहा बशीत ओतला आणि तो त्यांच्या पँटवर सांडला.

०००

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ते बोळात उभे होते. उजमाने त्यांच्याकडे पाहिलं आणि शटर वर करता करता म्हणाली, “क्या हुआ? म्हैस नाही पोचली?”

त्यांनी सगळं सांगितलं.  उजमा डोक्याला हात लावून बसली.

“अरे अल्ला. मी पण बहिरीच झाले सर. बहिऱ्या बच्चोंकी किताब, आणि मी विचारते आवाज उतरवू का. काढू का, असं विचारायला पाहिजे होतं.” मग तिचा चेहरा उजळला. “पण टेन्शन नका घेऊ. बीच का रास्ता आहे. आवाज काढायचा नाही, बारीक करायचा. एकदम बारीक, एका बाजूचा. पाच-सहा एमबीत बसतो. बाकी सगळी जागा हातांना. फोटो पण पंचवीस ठेवू सेकंदाला. बोटं अशी दिसतील की नखं मोजा. दोन्ही खूश.”

तिने पाच मिनिटांत नमुना करून दाखवला. खरंच, बोटं दिसत होती. कंडक्टरची दोन बोटं तिकिटावर खटकन मिटली तेही दिसलं. आणि मागे सरांचा आवाज होता, जरा डब्यातून बोलल्यासारखा, पण शब्द न् शब्द कळत होता.

सरांना सुटल्यासारखं झालं. पुस्तक वाचलं, आवाज वाचला. आणि मग, सुटका इतकी स्वस्तात मिळाली म्हणून, त्यांचा त्या सुटकेवरच विश्वास बसेना. विशाखाने जागेबद्दल विचारलं होतं हे खरं. पण ती चिडली होती ती जागेवर का? कन्नडच्या एखाद्या वर्गात कुणी शिक्षक हा टॅब टेबलावर ठेवेल, खिडकीबाहेर बघत गोष्ट ऐकेल आणि म्हणेल, छान आहे. वर्गातल्या पोरांना काय म्हणायचंय, ते बघायची त्याला गरजच पडणार नाही. तो शिक्षक वाईट नसेल. सरांसारखाच असेल.

दुसरीकडे गोजरबाई होत्या. पदर तोंडाला लावून हसणाऱ्या. त्रेचाळीस मुलांच्या त्रेचाळीस आया असतील. त्यांच्यापासून हे का काढून घ्यायचं? आपण पुन्हा एकदा नको तिथे कडक होतोय का? त्यांना ठरवता येईना. आयुष्यात महत्त्वाचं काही त्यांनी स्वतः ठरवलं असेल तर ते त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी विशाखाला मोबाइलवर लिहिलं: ‘आवाज लहान करता येतो. सहा एमबी. बोटं स्पष्ट दिसतील. ठेवू का?’

उत्तर कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत आलं. विशाखाचं लिहिलेलं मराठी तुटक असायचं. ज्या भाषेत तिला हातांवर बसवून ठेवलं होतं त्या भाषेत ती याहून जास्त घर कशाला बांधील?

‘सर. पुस्तक तुमचं? पुस्तक माझं?’

सरांनी मोबाइल उजमापुढे धरला. तिने वाचलं, माउस हातात घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. 

“काढा,” सर म्हणाले.

“पूरा?”

“बाराही गोष्टींचा.”

“सर, तुम्ही गोधडीत बसून केलं होतं म्हणे. गर्मीत.”

“काढा हो बाई लवकर,” सर म्हणाले. उजमाने त्यांना इतकं मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिने एकामागून एक बारा वेळा बटण दाबलं.

०००

पुस्तक संस्थेकडे गेलं. एकशे एकोणपन्नास एमबी, सगळेच्या सगळे हातांचे. तिसऱ्या दिवशी संस्थेतून फोन आला. पुस्तकं तपासणारा शिवराज नावाचा तरुण अधिकारी होता, फार अदबीने बोलणारा.

“नरवडे सर, एक अडचण आहे. तुमच्या फाइलमध्ये ध्वनी नाहीये. बहुतेक कॉम्प्रेस करताना उडाला.”

“उडाला नाही. काढला.”

“अच्छा. पण सर, आमच्या तपासणीच्या तक्त्यात रकाना आहे. ‘ध्वनी स्पष्ट आहे का?’ तिथे मला हो करता येत नाही. आणि नाही केलं की पुस्तक आपोआप परत जातं.”

“मुलं बहिरी आहेत हो,” सर म्हणाले.

“ते माहितीये सर. मी समजू शकतो. पण रकाना…”

 ‘बरं, बघतो’ हे नेहमीचे शब्द सरांच्या जिभेवर तयारच होते. उजमाकडे सहा एमबीचा नमुनाही पडून होता. अशा वेळी फोन ठेवून देणं त्यांना चांगलं जमायचं. ते उभे राहिले, पुन्हा बसले.

“शिवराजजी, तुम्ही पुस्तक पाहिलंत?”

“हो, म्हणजे लावून पाहिलं. आवाज नाही म्हटल्यावर…”

“बंद केलंत.”

“हो,” पलीकडून हळूच आलं.

“मीही तसंच केलं असतं,” सर म्हणाले. “मी तर त्याहून वाईट केलं. तुमच्या रकान्यात जे लिहायचं ते लिहा. नाही लिहा, लागू नाही लिहा. परत पाठवलंत तर मी असंच पुन्हा पाठवीन. पण आधी एकदा एक गोष्ट सबंध बघा. तीन मिनिटांची आहे. कळली नाही तर ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्या एखाद्याला विचारा.”

त्यांनी फोन ठेवला. आपण उद्धट बोललो, संस्थेला राग येईल, मुलांचं नुकसान होईल, असं घोकत त्यांनी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी एका ओळीचा मेल आला: पुस्तक स्वीकारलं आहे. का स्वीकारलं, ते त्यात नव्हतं.

०००

त्या रविवारी ते पुन्हा चितेगावला गेले. विशाखाने सतरंजीवर बसून बाराही गोष्टी पाहिल्या. संघपाल तिकिटाच्या जागी मांडीवर थाप मारून हसला आणि मग पुढे अशा ठिकाणी हसला, जिथे काही गंमत आहे हे सरांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या मराठीत ती आलीच नव्हती.

“दिसतंय,” विशाखा हातांनी म्हणाली. “नाव राहू द्या.” त्यापलीकडे काही नाही. सरांना त्यापलीकडचं मागायचा धीर झाला नाही.

गोजरबाई स्वयंपाक टाकून आल्या होत्या. हाताला पीठ. त्या टॅबकडे कान करून बसल्या. मग त्यांनी टॅब उलटा करून पाहिला.

“गुरुजी, बोलत का नाय हे?”

“आवाज काढून टाकला, गोजरबाई.”

“का वं?”

“मुलांना हात नीट दिसावेत म्हणून.”

“मग आता ती काय म्हनती ते मला कोन सांगल?”

सरांना बाराही गोष्टी तोंडपाठ होत्या. आत्ता सांगितल्या असत्या तर घरातल्या घरात, कुणाची एक एमबी जागा न खाता, काम झालं असतं. शब्द अगदी ओठांवर आले. पण समोर विशाखा त्यांच्या ओठांकडेच बघत होती.

“तिलाच विचारा,” ते म्हणाले.

“तिला कसं इचारू?” गोजरबाईचा आवाज चढला. “मला येतंय व्हय तिचं? भाकर, पानी, ताप, कुठं गेलती, कवा येनार. एवढ्यावर मी समदी वरसं काढली. त्या दिवशी पयल्यांदा माझी लेक मला सबंध कळली. ती इतकी हासवती हे मला ठावंच नव्हतं. आन तुमी ते बंद करून आनलं. लई शिकलेले तुमी, गुरुजी, पर माझं नुकसान केलं बघा.”

“व्हय,” सर म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं.

विशाखाने त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारली. आई काय म्हणते?

सरांनी हात वर केले. गोजरबाई जे बोलल्या ते त्यांनी सगळं सांगितलं, भाकरीपासून नुकसानीपर्यंत. फार वेळ लागला. ‘सबंध’ला त्यांना खूण सापडेना, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी मोठा गोल केला. ‘लेक मला कळली’ हे सांगताना त्यांनी गोजरबाईकडे बोट केलं, मग विशाखाकडे, आणि मग ते थांबलेच.

विशाखाने आईकडे पाहिलं. गोजरबाई भिंतीकडे बघत होत्या. मग विशाखा उठली, आईच्या समोर जाऊन मांडी घालून बसली, आणि तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

तिने गोष्ट सुरू केली. बारांतली नव्हती. इतकी सावकाश तिला बोलताना सरांनी कधी पाहिलं नव्हतं. पण ती सरांसाठी बोलत नव्हती. लहान मुलगी, एवढी. पत्र्याची पेटी. एसटी, धूळ, मोठं फाटक. मुलीचा हात धरलेली बाई.

“काय म्हनती, गुरुजी?”

“ही गोष्ट मलाही माहीत नाही,” सर म्हणाले, आणि ते खरं होतं. “बघा तुम्ही.”

बाईने मुलीचे केस सारखे केले. बाईचे ओठ हलले, पुष्कळ हलले. मुलगी ओठांकडे बघत राहिली. मग बाई वळली आणि चालू लागली. फाटक मिटलं. मुलगी फाटकाच्या गजांना धरून उभी. ऊन सरकलं. मुलगी तिथेच.

गोजरबाईचा पिठाचा हात तोंडावर गेला.

“ही मीच हाय,” त्या म्हणाल्या. “वसतिगृहात सोडलं त्यो दिस. आवं, मी तिला सांगितलं व्हतं, दिवाळीला येते म्हनून. धा बार सांगितलं.” त्या थांबल्या. “तिला कसं कळलं असंल?”

 विशाखाचे हात थांबले नव्हते. फाटकाच्या आतून आता कुणीतरी चालत येत होतं, मुलीला घेऊन जायला. उंच, किंचित वाकलेला, हातात पुस्तक धरलेला माणूस.

सरांनी त्या माणसाला ओळखलं आणि चटकन आपली पिशवी जवळ ओढली. शेवटची बस अजून दोन तासांनी होती. उठून जायला कारण सांगता आलं असतं. त्यांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि तो माणूस पुढे काय करतो ते पाहू लागले.